आधी जेवून घे, मग टेबलाशी बस

हे बघ, आधी जेवून घे. भाजी गार झाली असेल तर गरम कर, पण ओट्याशी उभ्याउभ्या खाऊ नकोस. मग निवांत बसून वाच.

तुझ्या टेबलावर आत्ता काय काय पडलंय ते मला तिथे न येताही सांगता येईल. एका बाजूला चोवीस पानांचं चित्रपुस्तक, त्याचे रफ संपादकांकडून शेरे मारून परत आलेले. दुसऱ्या बाजूला दिवाळी अंकाच्या कथा, त्यातली एक अजून वाचलेलीसुद्धा नाहीस. समोर भिंतीवर डिसेंबरमधल्या ग्रुप शोची तारीख चिकटवलेली. आणि टॅब्लेटवर तो ऑनलाइन कोर्स, निम्म्यात सोडलेला. रात्री दिवा मालवलास की ही सगळी मंडळी एकदम बोलायला लागतात, हो ना गं?

खरं सांगू का, तू मागे पडलेली नाहीस. तू कामाची वाटणी चुकीची केली आहेस, एवढंच. पुस्तक पैशांसाठी, अंक ओळखीसाठी, प्रदर्शन नावासाठी, आणि शिकणं? ते सवड मिळेल तेव्हा. अगं, फ्रीलान्स काम करणाऱ्या बाईला सवड कोण देणार? काम नसलं की काम मिळवण्यात दिवस जातो आणि काम असलं की ते संपवण्यात. म्हणून शिकायचं ते हातातल्या कामातच घुसवायचं, आणि त्याच कामातून प्रदर्शनाची भिंत भरायची. प्रत्येक कामात शिकायची एकच गोष्ट ठरव. दोन नाही, एकच.

दिवाळी अंकापासून धर, कारण ती तारीख सगळ्यात जवळ आहे. गणपती आले की संपादक आणि छापखाना दोघंही मानगुटीवर बसतात. तुझ्या मैत्रिणी म्हणत असतील, कथाचित्रांना मिळतात ते काय पैसे म्हणायचे! पैसे कमी मिळतात, हे खरंच आहे. पण बघ, काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात चित्र पोचवायचं मोठं काम या अंकांनी केलंय. गोव्यातून आलेले दीनानाथ दलाल मुखपृष्ठं, कथाचित्रं, कॅलेंडरं, व्यंगचित्रं सगळं काढायचे, आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं. मागणीबरहुकूम काढलेलं चित्र हलकं असतं, असं कोणी तुला ऐकवलं तर भांडत बसू नकोस. जुन्या ग्रंथालयात जा, ‘दीपावली’चे अंक काढून बघ, आणि दलाल गर्दीतल्या माणसांना कसे उभे करतात ते वहीत उतरवून आण.

आता शिकायची गोष्ट. बहुतेक अंकांची आतली पानं एकरंगी असतात आणि कागद साधा. तू जलरंगाचे ते सुंदर, हळवे करडे वॉश देतेस ना, ते छपाईत बारीक ठिपक्यांत फुटतात, साध्या कागदावर तो ठिपका पसरतो, आणि तुझा हलका करडा मळकट काळा होऊन बाहेर येतो. म्हणून या वेळी स्वतःला बांधून घे: कागदाचा पांढरा, शाईचा काळा आणि मधला एकच करडा. बास. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत चार-पाच रफ कर आणि डोळे किलकिले करून बघ. चेहरे दिसले नाहीत तरी चित्रात काय चाललंय ते कळलं पाहिजे. कळत नसेल तर तपशील कितीही घाल, उपयोग नाही. छायाप्रकाशाची वाटणी तुला जमत नाही अशी तुझी तक्रार आहे ना? मग हा तुझा कोर्स, आणि तोही पैसे मिळवून देणारा.

आणखी एक, कथेचा शेवट चित्रात फोडू नकोस बाई. वाचक आधी चित्र बघतो. दार उघडल्यावर काय दिसलं ते लेखकाला सांगू दे, तू कडीवरचा हात काढ.

पुस्तकाकडे येते. तिथे तुझी घालमेल मला जास्त कळते, कारण ते काम लांबतं आणि मधेच कुठेतरी स्वतःचंच चित्र नकोसं होतं. मोठा कागद घडी घालून, कापून पुस्तक होतं, म्हणून पानं चारच्या, आठच्या, सोळाच्या हिशोबात येतात. त्यात शीर्षकाचं आणि श्रेयनामावलीचं पान गेलं की गोष्टीला किती उरली ते आधी मोज. सगळी पानं एकाच कागदावर, पत्त्याच्या आकाराची, ओळीने काढून बघ. कुठे सलग तीन स्प्रेडवर सगळे नुसते उभे राहून बोलतायत ते तिथे लगेच दिसतं. मग एकदा वरून बघ, एकदा मुलाच्या उंचीवरून बघ, एकदा फक्त पावलं काढ. आणि दोन पानांच्या मधल्या शिवणीत कुणाचा चेहरा जाऊ देऊ नकोस. नाक गिळून टाकते ती.

गोष्टीतल्या मुलीचं एक तपशीलपत्रक कर: समोरून, बाजूने, मागून, हसताना, रुसलेली. वेणी कुठल्या बाजूला, फ्रॉकला खिसा आहे की नाही, चपलेचा पट्टा कसा. वाचून दाखवणारे आईबाबा कदाचित दुर्लक्ष करतील, पण पाच वर्षांचं पोर तिसऱ्या पानावरची लाल रिबीन सातव्या पानावर शोधतं, आणि सापडली नाही तर पुस्तक अडवून धरतं.

आता जरा रागावणार आहे. तुझ्या सहाव्या पानावरची ती आजी. विळीवर भाजी चिरते म्हणतेस, पण तू ती सुरीने चिरल्यासारखी काढलीस. बघ, विळीत पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. एक पाय पाटावर दाबून धरलेला, त्या पायाचा गुडघा वर. दुसरा पाय मुडपलेला. पात्याची धार बसणाऱ्या बाईकडे, आणि दोन्ही हात भाजी धरून तिच्यावर पुढे ढकलतात. सगळं वजन त्या दाबलेल्या पावलावर असतं, म्हणून पाठ जराशी पुढे कललेली. वर आलेल्या गुडघ्यावर साडी ताणली जाते आणि तिथून खाली चुण्या फुटतात. या चुण्या फोटो बघून नीट येत नाहीत गं. घरात विळी असेल तर कुणाला तरी तिच्यावर बसव आणि समोर बसून काढ. नसेल तर मंडईच्या कडेला शेंगा निवडत बसलेल्या बायका बघ, एसटी स्टँडवर बोचक्याला टेकून झोपलेली माणसं बघ. रोज एक पान वही, बॉलपेनने. पेन्सिल नको, खोडत बसशील.

एआयची भीती वाटते म्हणालीस. वाटणारच. काही कामं जातील, ते मी नाकारत नाही. पण आजीचं वजन कुठल्या पावलावर आहे हे तुला स्वतः बसून बघून कळलेलं असेल, तर ते ज्या प्रकाशकाला हवंय तो तुझ्याकडेच येईल. आणि ज्याला नकोच आहे, तो आधीही तुला धड पैसे देत नव्हता.

माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं हाताशी ठेव. ‘राधाचं घर’ उघड आणि घरातल्या साध्या वस्तू आणि रोजची माणसं किती नेमकी बसवली आहेत ते बघ. लिहिणारी आणि काढणारी व्यक्ती एकच असल्यामुळे शब्दांनी सांगितलेलं चित्र परत सांगत नाही. आणि रंगांनी गोंधळ उडतोय ना तुझा, मग पुलक बिश्वास यांचं ‘टायगर ऑन अ ट्री’ बघ. नारंगी आणि काळा, एवढ्यावर वाघ झाडावर चढवलाय आणि गाव गोळा केलंय. तुझ्या पुस्तकाला चार-पाच रंगांची एक पट्टी ठरव आणि शेवटपर्यंत तिच्याशी इमान राख. या पुस्तकात शिकायची गोष्ट हीच.

टॅब्लेटचं थोडक्यात सांगते. नवा कुकर आणला म्हणून आमटीची चव सुधारत नाही. कोर्स अर्धा राहिला तर राहू दे, तुला लागणाऱ्या चार गोष्टी शीक आणि पुढे चल. फाईल छापील मापात ३०० डीपीआयला, कडेने ३ मिलिमीटर ब्लीड, आणि काम सुरू करतानाच छापखान्याला सीएमवायके कशी हवी ते विचार. पडद्यावर झगमगणारा गुलाबी आणि पोपटी छपाईत फिका पडतो, हे आधीच धरून चाल. मजकूर चित्रात मिसळू नकोस. तो वेगळ्या थरावर, नुसत्या काळ्यात राहू दे. उद्या पुस्तक कन्नड किंवा हिंदीत गेलं तर फक्त काळी प्लेट बदलावी लागते, बाकीचे तीन रंग तसेच. प्रकाशकाचा खर्च वाचतो आणि तुझं नाव लक्षात राहतं.

आता प्रदर्शन. डिसेंबर म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो, कारण तुला वाटतं की प्रदर्शनासाठी वेगळी, मोठी, ‘खरी’ चित्रं काढायला हवीत. कशाला? तू इलस्ट्रेटर आहेस, तेच दाखव. पुस्तकातले निवडक स्प्रेड, अंकातली काळीपांढरी चित्रं, आणि एका टेबलावर रफ, तपशीलपत्रक, ती मंडईची वही. लोक फ्रेमसमोरून पुढे सरकतात आणि रफच्या टेबलाशी रेंगाळतात. पुसलेल्या रेषा, बदललेले चेहरे बघायला त्यांना फार आवडतं. शाळेच्या मुलांना बोलाव, आणि एक ओळ मुद्दाम खाली, त्यांच्या नजरेच्या उंचीवर लाव. मोठ्यांसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला की मान वाकडी होत नाही.

जागेवरून मन खट्टू करून घेऊ नकोस. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून सगळ्यांच्या डोळ्यांत आहे, आणि तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अर्ज करून ठेव आणि विसरून जा. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे, घोले रोडवरचं राजा रवि वर्मा कलादालन आहे, शनिवारातलं सुदर्शन आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासूनची संस्था, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवायला काय हरकत आहे? बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात दरवर्षी इलस्ट्रेटर्सचं प्रदर्शन असतं, त्याला एकाच सूत्रातली पाच चित्रं मागतात. तुझ्या पुस्तकाचे पाच स्प्रेड आयते तयार आहेत की! निवड होईल की नाही याचा विचार करू नकोस. पाच चित्रं एकमेकांशेजारी ठेवून निवडताना स्वतःच्या कामातलं जे दिसतं, ते दुसरं कुणी दाखवत नाही.

फ्रेमच्या खर्चाने डोळे पांढरे होतात, म्हणून मापं दोनच ठेव. पुढच्या वर्षी त्याच फ्रेममध्ये नवी चित्रं बसतील. जलरंगाचं चित्र काचेला कधीही चिकटू द्यायचं नाही. मध्ये माऊंट हवाच, तोही आम्लविरहित. आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओलावा धरतो आणि काचेच्या आतून बुरशी चढते, मग रडून उपयोग नाही. आत्ता झालेली मूळ चित्रं बटरपेपरमध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, सपाट ठेव. गुंडाळी करू नकोस. आणि ते झगझगीत फ्लुरोसंट रंग मूळ चित्रात वापरू नकोस, उजेडात लवकर उडतात. तुझं चित्र विकत घेणाऱ्या माणसाच्या भिंतीवर ते टिकायला हवं, ही तुझी जबाबदारी आहे.

टॅब्लेटवर केलेल्या चित्रांच्या प्रती काढशील त्या चांगल्या कागदावर, पिगमेंट शाईच्या. पंचवीस म्हटल्या तर पंचवीसच, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही. सव्विसावी कुणी कितीही गळ घातली तरी नाही. त्याशिवाय लहान मापाच्या साध्या प्रती आणि पोस्टकार्डं ठेव. कॉलेजातल्या पोरीला मूळ चित्र परवडत नाही, पण तिला काहीतरी घरी न्यायचं असतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पिशवी भर: दोरी, हुक, टेप, लेव्हल, कात्री, पावतीपुस्तक, किमतींची यादी, लाल टिकल्या, क्यूआर कोड. आणि डबा. तो तू हमखास विसरशील.

पैशांचं बोलायचं तू टाळतेस, म्हणून मीच बोलते. फोनवर ठरलेलं सगळं त्याच दिवशी मेलवर लिहून टाक: किती चित्रं, कुठल्या मापाची, रफ कधी, फायनल कधी, किती वेळा बदल करून देणार, आगाऊ किती, काम मधेच बंद पडलं तर किती. दोन फेऱ्यांनंतरच्या बदलांचे वेगळे पैसे, हे आधी लिहिलं की कुणाला राग येत नाही. नंतर सांगितलं की येतो.

आणि हक्क. खरं सांगू का, हे आपल्याला कॉलेजात कुणी नीट शिकवत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कुणी पेंटिंग काढून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून ‘घरचीच माणसं आहेत, लिहायचं काय त्यात’ असं म्हणू नकोस. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा करारात ‘सर्व माध्यमांत, कायमचे’ असं दिसलं की थांब, आणि विचार की एवढं सगळं कशाला लागतंय आणि त्याचे किती देणार. हक्क दिल्यानंतरही चित्र तुझं आहे असं सांगण्याचा, आणि कुणी त्याची मोडतोड करून तुझ्या नावाला बट्टा लावला तर आक्षेप घेण्याचा अधिकार तुझ्याकडेच राहतो. मूळ कागद विकलास तरी छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही, हेही गिऱ्हाइकाला पावतीवर लिहून दे.

या पुस्तकाच्या करारात एक ओळ आत्ताच घालून घे: चित्रं प्रदर्शनात मांडायची आणि मर्यादित प्रती विकायची मुभा. ती नसेल तर डिसेंबरमध्ये तुझ्याच चित्रांसाठी परवानगी मागत बसशील. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या परवान्याच्या मंचासाठी काम आलं तर जरूर कर. तिथून पुस्तक कितीतरी भाषांत जातं. फक्त एवढं समजून कर की तुझं नाव देऊन ते चित्र पुढे कुणीही वापरू शकतं, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

उद्यम नोंदणी केलीस का? नाही ना? मला वाटलंच. ती ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला हाकल. नोंदणी झाली की २००६च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. लगेच कोर्टकचेरी कर असं मी म्हणत नाही. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि ही मुदत दिसली तरी बिल गठ्ठ्यात वर येतं. टीडीएस कापला असेल तर तो तुझ्या पॅनवर जमा झाला का, ते तपास, आणि वर्षातून एकदा सीएकडे जाऊन बस. त्याची फी वाचवू नकोस.

इन्स्टाग्रामवर दुसऱ्यांची पुस्तकं, दुसऱ्यांचे पुरस्कार बघून तुझा जीव लहान होतो, ते कळतं मला. पुस्तक पूर्ण होईपर्यंत ते ॲप फोनवरून काढ. कुणी तुझी वाट बघत ताटकळणार नाही, आणि बातमी कळायचीच असेल तर कळते.

तर आता असं कर. आज टॅब्लेट बंद ठेव. ती न वाचलेली कथा वाच, तिचे छोटे रफ कर आणि उद्या सकाळी संपादकांना पाठव. पुस्तकाच्या शेऱ्यांपैकी जे पटले ते मार्करने रंगव, जे पटले नाहीत त्यांच्यापुढे कारण लिही. कारण लिहिता आलं नाही तर संपादकांचं बरोबर आहे असं समज. शनिवारी फ्रेमवाल्याकडे जाऊन दोन मापांचा भाव विचारून ये, बरोबर एक मूळ चित्र ने. आजी परत काढ, विळीसकट. आणि कुठल्याही नव्या प्रकाशकाला दरपत्रक पाठवण्याआधी मला फोन कर. तू आकडा लिहितेस आणि मग स्वतःच घाबरून तो निम्मा करतेस. या वेळी पहिला लिहिलेलाच पाठवायचा आहे.